बेसमेंटमधून वर

शनिवार, १८ जानेवारी. सकाळपर्यंत बर्फ, दुपारी नुसता बोचरा वारा.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. हिवाळ्यात बुटांच्या रॅकखाली बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ साचत जातं, तसे ते साचतात. आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनच्या वाचन मंडळाचेही असेच साचलेत. यंदा आम्ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतोय. मालक, नोकर आणि चारचौघांत चढवायचे मुखवटे!

*

पहिली बैठक सुलभाताईंच्या बेसमेंटमध्ये झाली. मोठा सोफा, प्रोजेक्टर, सगळा थाट! कादंबरीतल्या नोकरांच्या हालांवर आम्ही हळहळलो. तेवढ्यात अरविंद म्हणाला, "अहो, त्या काळी बेसमेंटमध्ये नोकरच असायचे ना?"

पुढची बैठक वर, डायनिंग टेबलाशी!

*

सुलभाताईंकडे दर शुक्रवारी क्लीनिंगला एक बाई येते. एका गुरुवारी मी गेले, तर ताई स्वतः बाथरूम घासत होत्या.

"उद्या येणारच आहे ना ती?"

"म्हणून तर! असं घर बघून तिला काय वाटेल!"

*

एकदा एक नवीन जोडपं आलं. अरविंद तासभर इंग्रजांच्या वर्गभेदावर तळमळून बोलला. मग चहा घेताना त्याने त्या दोघांना विचारलं, "घर घेतलंत, की अजून अपार्टमेंटच? आणि ग्रीन कार्ड?"

नवरा हसून म्हणाला, "पुढच्या प्रकरणात सांगतो."

पुढच्या प्रकरणाला ते दोघं आलेच नाहीत.

*

मीनल माझी शेजारीण, नागपूरची. तिच्या आईने लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिला इंजिनिअर केलं. हे मला ठाऊक होतं. मंडळात मात्र तिने "आई शिक्षिका होती" असं सांगून ठेवलं होतं. आई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या आणि आज सुलभाताईंकडच्या बैठकीत सगळे त्यांची वाट बघत होते.

गाडीत मीनल म्हणाली, "आई, कोणी विचारलं तर शाळेत होते म्हण. प्लीज."

"खोटं जमत नाही गं मला," आई म्हणाल्या. "पण तुझी मान खाली जाऊ देणार नाही."

मीनलने आम्हाला सुलभाताईंच्या गॅरेजशी उतरवलं आणि ती पार्किंग शोधायला गेली. मी गॅरेजमध्ये बर्फाचे बूट काढत बसले, तोवर आई किचनमध्ये पोचल्या. सुलभाताईंनी आज जेवणासाठी पोळ्या करायला एक नवीन मावशी बोलावल्या होत्या. आईंची साधी साडी आणि जाड स्वेटर बघून सुलभाताई म्हणाल्या, "आलात मावशी! बरं झालं बाई. कणीक मळून ठेवलीय."

मी दारात पोचले होते. आईंनी माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली, स्वेटरच्या बाह्या सारल्या आणि पोळपाट पुढे ओढला.

मीनल आली तेव्हा सगळे ताटं घेऊन टेबलाशी बसले होते. ती माझ्या शेजारी बसली.

"मीनल, आई कुठे राहिल्या?" सुलभाताईंनी विचारलं.

मीनलने तोंड उघडण्याआधीच आई गरम पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या. थेट तिच्यापाशी येऊन थांबल्या.

"मॅडम, तुम्हाला किती वाढू?"

मीनलने ताट पुढे केलं.

"दोन," ती म्हणाली.