हातासाठी ठेवलेलं पिस्तूल

वासूभाऊजी कुठलीही वस्तू जोडली की आधी कानाशी धरत. टॉर्चचं झाकण लावलं, धर कानाशी. छत्रीची मोडलेली काडी जुळवली, तरी तेच. एकदा माझ्या कुकरची शिटी बसवून दिली आणि तिच्याजवळ कान नेऊन राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, कुकर काय तुमका गजाली सांगता?" ते हसले नाहीत. म्हणाले, "जाग्यार बसला काय नाय, ता डोळ्यांक दिसणा नाय, वयनी. आयकूक येता."

कट्टा गावापासून थोडं आत आमची दोन घरं, मध्ये फक्त दगडी गडगा. भाऊजी लष्करात हत्यारं दुरुस्त करण्याच्या कामावर होते. बायको गेल्यावर त्यांच्या घरातली सणावारी पूजा माझ्याकडे आली. कोणी सांगितलं नव्हतं हो, आपसूक आली. कपाटात परवान्याचं पिस्तूल होतं, पण त्यातून त्यांनी कधी गोळी झाडलेली मी ऐकली नाही. एका साली माकडांनी काजूची पार नासाडी केली, तेव्हा मी म्हटलं, निदान एक बार तरी काढा.

"ता माकडांसाठी नाय."

"मगे कोणासाठी?"

"हातासाठी. हात विसारलो काय, ता बघूक."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे कोयते, विळे, कुदळी धुऊन पाटावर मांडतात. भाऊजी त्या सकाळी पिस्तूल सुटं करत, तेलाच्या फडक्याने एकेक भाग पुसत, पुन्हा जोडत, आवाज ऐकत, आणि मगच ते पाटावर ठेवत. मी बघत बसले की शिकवल्यासारखं सांगायचे, "जोर लावचो नाय. अडला म्हणजे ता काय तरी सांगता."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या अंगठ्याला सूज होती, काम हळू चाललं होतं. माझ्या घरी चुलीवर खीर ठेवलेली, जीव तिकडे. मी म्हटलं, "असूं दे तसाच सुटा. देवाक काय, जोडलेला आणि सुटा सारख्याच." कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं. मी सुट्या भागांना हळदकुंकू लावलं, वर कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि घरी पळाले.

दुपारी परत गेले तर ते तसेच बसलेले. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मुठीवर चढायचा, पण शेवटची नखभर जागा राहायची. पुढे काही जाईना. ते काढत होते, पुसत होते, पुन्हा लावत होते. किती वेळ? म्हणाले, सातवी खेप. घामाने बनियन अंगाला चिकटलं होतं, आणि चेहरा असा, की मला वाटलं डॉक्टरला बोलवावं.

मग ते बोलले. माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या पिस्तुलाकडे बघत होते. "सद्याचा असाच झाला असतला."

सद्या म्हणजे मसुऱ्याचा सदानंद, त्यांचा जिवाचा दोस्त. दोघे एकाच दिवशी भरती झालेले. लढाईत सद्या गेला, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दुपारी कळलं. सद्याचं पिस्तूल आदल्या दिवशी भाऊजींनीच साफ करून, जोडून दिलं होतं. नंतर तळावर कोणी तरी बोललं, की ऐन वेळी ते अडलं. खरं की खोटं, कोणी कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षं हा माणूस ते मनात घेऊन माझ्या गडग्यापलीकडे राहिला, आणि मी त्याला काकडीची कोशिंबीर नेऊन देत होते.

"घाई होती तेव्हा," ते म्हणाले. "वीस हत्यारां एका रातीत. आवाज आयकलंय काय नाय, आठावणा नाय."

घाई म्हटल्यावर मला माझी सकाळची घाई आठवली आणि डोक्यात एकदम उजेड पडला. "माका टॉर्च द्या," म्हटलं. मुठीवरच्या बारीक खाचेत, पार मागच्या टोकाला, तेल नि कुंकू खाऊन फुगलेला एक दाणा बसला होता. माझ्याच हातची अक्षत. मी केसातला आकडा घालून तो काढला. भाऊजींनी वरचा भाग लावला. खट.

मला हसू आणि रडू एकदम आलं. "बघा, हात चुकूक नाय तुमचो. माझो चुकलो."

तांदळाचा तो लाल दाणा त्यांनी तळव्यावर घेतला. "सात वेळा बघलंय, वयनी. एवढो दाणो माका दिसलो नाय. मगे तेव्हा काय काय दिसला नसतला?"

"तेव्हा डोळे सत्तावीस वर्षांचे होते तुमचे."

"सत्तावीस वर्षांचे डोळे सगळ्यात आंधळे."

मी पाटावरच्या उरलेल्या अक्षता वेचायला लागले.

दिवाळीच्या आधी त्यांनी पिस्तूल पोलीस ठाण्यात कायमचं जमा केलं, परवानाही परत दिला. मग एका सकाळी गडग्याशी येऊन म्हणाले, "मसुऱ्याक जाऊचा आसा. एकटो जावक जमाचा नाय." सद्याची बहीण तिथे राहते. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेला सगळा मुलूख लोटतो, पण भाऊजी त्या वाटेला कधी गेले नव्हते, ते का, हे मला तेव्हा उमगलं.

बहीण ऐंशीची, कानाने मंद. भाऊजी उभ्यानेच बोलले, सगळं, मोठ्याने, आवाज फाटेपर्यंत. पिस्तूल मी जोडलेलं. अडलं म्हणतात. माझ्यामुळे की काय, मला ठाऊक नाही. शेजारच्या अंगणातली बाई सूप हातात धरून ऐकत राहिली.

म्हातारीने त्यांना खाली बसवलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "माका पिस्तुलातला काय कळता, रे? माझो भाव पत्रात लिवी, 'वासू हय आसा, म्हणान माका बिनघोर झोप लागता.'"

तिने ते मायेने सांगितलं. मला आजही खात्री आहे, मायेनेच. भाऊजींनी तिच्या पायांना हात लावला आणि आम्ही परतीची रिक्षा धरली. त्यानंतर चार महिने ते जगले. मी सकाळी चहा घेऊन जायची तेव्हा दार उघडं असायचं, अंथरुणाची घडी रात्रभर न मोडलेली, आणि ते ओटीवर जागेच बसलेले.