चौथा श्वास

एखादी वस्तू इतक्या कष्टाने लपवायची आणि मग ती कुणाला सापडत नाही म्हणून जेवण सोडायचं, असा दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल. हे गृहस्थ म्हणजे बोईसरचे माझे घरमालक. आम्ही भाडेकरू त्यांना काका म्हणतो. मूळचे सांगलीकडचे. एका कारखान्यात मोठमोठ्या यंत्रांच्या देखभालीत त्यांची सगळी नोकरी गेली. यंत्राच्या घरघरीला ते तंबोरा समजत आणि त्यावर सूर लावून गुणगुणत, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. निवृत्त झाल्यावर तंबोरा सुटला, गाणं मात्र राहिलं. सकाळी सात ते आठ ते देशातल्या थोर गायक-गायिका ऐकतात आणि त्या तासात इमारतीत कुणी मिक्सर लावायचा नाही, असा भाडेकरारात नसलेला पण करारापेक्षा कडक नियम आहे. काकूंची चटणी त्यामुळे आदल्या संध्याकाळीच वाटून तयार असते. "माझा आवाज सोडून जगातले सगळे आवाज ऐकू येतात यांना," असं त्या म्हणतात, आणि काकांना तेही ऐकू येत नाही. एकदा आम्ही रिक्षातून स्टेशनला चाललो होतो. रिक्षात एका थोर बाईंचं गाणं लागलं होतं आणि चालक हॉर्न वाजवत होता. काका पुढे वाकून म्हणाले, "भैया, बाई समेवर येईपर्यंत हॉर्न मत बजाओ." तो म्हणाला, "अंकल, सामने भैंस है." काका म्हणाले, "उसको भी सुनने दो."

मी मनोरच्या पुढच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि नोकरीसाठी बोईसरला आलो. ऐकत बसायचं गाणं मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे गाणं सुरू झालं की माणूस उठून त्यात सामील होतो. पहिल्याच रविवारी काकांनी मला खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "ए ग्रॅज्युएट, पाय हलवायचा नाही. मान हलवायची नाही. आधी नुसतं ऐक." पुस्तकं मला बऱ्याच जणांनी दिली. कान मला या माणसाने दिले, आणि याचे आभार कसे मानायचे हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचे स्वतःचे कान मात्र जायला लागले होते. वयाने की यंत्रांनी, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. बारीक आवाज आधी जातील, मग बाकीचे, एवढंच ते म्हणाले. काका पालघरच्या दवाखान्यातून बाहेर पडले, रसवंतीवर दोन ग्लास रस मागवला आणि म्हणाले, "आता घाई करायला पाहिजे." घाई कसली, ते आठवड्याने कळलं. पुण्याच्या मुलीने त्यांना एक खेळ दाखवला होता, जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, आणि अनोळखी माणसाने फोन हातात धरून ती शोधून काढायची. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी जागच्या जागी ठेवायची. बक्षीस काही नाही. काकांनी ठरवलं की पालघर ते बोईसर अशी डब्यांची एक माळ लावायची. प्रत्येक डबी एका गायकासाठी, आणि आधीची सापडल्याशिवाय पुढचीचं कोडं मिळायचं नाही. जागेचे आकडे सरळ द्यायचे नाहीत, ते गाण्यातून काढायचे. बुवा अमुक ओळ किती वेळा फिरून घेतात, खाँसाहेब कितव्या मात्रेवर थांबतात, बाई अंतऱ्यात किती वेळा श्वास घेतात. ऐकलं नाही तर डबी नाही. शेवटची डबी आमच्या फाटकाशी. जो तिथवर पोचेल त्याने घंटी वाजवायची आणि काकांसोबत बसून एक गाणं ऐकायचं. "एक माणूस येऊ दे लेका," ते म्हणत. "ऐकत ऐकत आलेला एक. माझ्यात थोडं ऐकू येणं शिल्लक आहे तोवर." कोड्यासोबत ते नुसतं गाणं देत, गायकांची नावं कुणाला सांगत नसत, नाव सांगितलं की कोडं फुटतं म्हणून. मीही ती इथे लिहीत नाही. त्यांनी हे वाचलं तर मला खोली सोडावी लागेल.

डब्या त्यांनी अशा बंद केल्या की पावसाळाच काय, समुद्रही आत शिरला नसता. पहिली डबी सापडलेल्या विरारच्या माणसाला ती उघडेना. शेवटी त्याने ती पालघरच्या हार्डवेअरवाल्याकडे नेऊन पान्याने उघडली आणि तशी तक्रार लिहिली. मी ती काकांना मोठ्याने वाचून दाखवली. काका खूश होऊन म्हणाले, "पण पाणी गेलं का आत? विचार त्याला." मला मात्र एकही कोडं सोडवायला बंदी होती. घरच्यांनी खेळायचं नाही, आणि भाडेकरू घरचा, असा त्यांचा हिशेब.

खरी अडचण आमच्या भागाच्या स्वभावाची निघाली. इथे वाकून काही शोधणाऱ्या माणसाला एकट्याने शोधू देत नाहीत. "काय हरवलं?" असं विचारून येणारा-जाणारा सामील होतो. मनोरला एका शेतकऱ्याने बैल सोडून झुडपं साफ करून दिली. शिरगावच्या किल्ल्यापाशी अर्धी आळी जमली. काका कळवळत, "अरे, त्याला ऐकू द्या, शोधू देऊ नका!" पण निदान या डब्या सापडत होत्या. पालघरजवळच्या माहीमची डबी मात्र कुणालाच सापडेना, आणि तिच्या पुढे जाता येत नसल्याने फाटकाची घंटी काही वाजेना. जो तो लिही, जागेवर गेलो, तिथे फक्त बोंबील आहेत. काका गरजले, "लोकांना श्वास मोजता येत नाही! चल माहीमला."

डबी एका वाडीच्या कुंपणाच्या दगडी गडग्यात होती तशीच होती. तिथून पुढे समुद्राकडे बांबूवर बोंबील वाळत होते आणि एक मावशी कावळे हाकत बसल्या होत्या. फोन हातात घेतलेले आम्ही दोघं दिसताच त्या उठल्या.

"तुमीबी आले काय? रोज कोन ना कोन येतं, माज्या बोंबलाखाली वाकतं. काय हरवलं हाय ते तरी सांगा. आमी शोधून देतो."

"हरवलेलं नाही, मावशी. लपवलंय," काका म्हणाले.

"लपवलं मंग शोधता कशाला?"

काकांनी उत्तरादाखल गाणंच लावलं. फोन बोंबलांच्या बांबूला टांगला, आवाज पुरा चढवला आणि शेजारच्या दोघी-तिघींनाही बोलावलं. "अंतरा सुरू झाला की बाई जितके श्वास घेतील तितकी बोटं वर करायची. बोलायचं नाही." सगळ्यांनी मान डोलावली. मीही पहिल्यांदाच मोजत होतो. अंतरा आला, गेला. काकांची तीन बोटं वर होती. मावशींची चार होती. त्या दोघी-तिघींचीही चार, आणि माझीही चार. शेवटच्या ओळीच्या मध्यावर बाई इतका हलका श्वास घेतात की तो नुसता स्पर्श वाटतो. काकांनी आमच्या हातांकडे पाहिलं, पुन्हा गाणं लावलं, फोन कानाला चिकटवला. पुन्हा तीन. मावशींनी हात हळूच पदराखाली घेतला.

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. ते उलट पावली गडग्याकडे गेले, डबी काढून आणली आणि बोंबलांच्या बांबूच्या बुडाशी वाळू उकरू लागले.

"काका, कोडं बदलू ना," मी म्हणालो. "एक आकडा तर आहे."

"बाईंचा श्वास मी बदलू?" ते म्हणाले. "श्वास चार आहेत तर डबी इथंच पाहिजे. मावशी, चालेल ना?"

"ठेवा. पन येनाऱ्याला दावू का नको?"

"नको. त्याला शोधू द्या."

"माज्यानं बघवायचं नाय हो," त्या म्हणाल्या. पण त्यांनी शब्द पाळला. कुणी वाकलं की त्या तोंड फिरवून कावळे हाकत बसतात, कावळे नसले तरी.

थोड्याच आठवड्यांत एका रविवारी सकाळी फाटकाची घंटी वाजली. तारापूरच्या बाजूला नोकरी करणारी एक मुलगी होती, चपलेत वाळू आणि अंगाला बोंबलांचा वास. काकूंनी तिला आधी पाणी दिलं आणि मग पोहे. काकांनी पोहे खाऊ दिले नाहीत. तिला माझ्या खुर्चीत बसवलं, पाय हलवायचा नाही हे सांगितलं आणि तेच गाणं लावलं. स्वतः ते स्पीकरवर तळहात ठेवून उभे राहिले. हल्ली ते असंच ऐकतात. अंतरा आला. शेवटच्या ओळीच्या मध्यावर मी नेहमीसारखं एक बोट वर केलं, त्यांना कळावं म्हणून. त्याच क्षणी, कुणी न सांगता, त्या मुलीचंही बोट वर गेलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून मान हलवली. त्या घरात मान हलवायला बंदी आहे.

गाणं संपल्यावर ते बराच वेळ स्पीकरवरचा हात काढत नव्हते. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "पोहे गार झाले असतील गं. खा आता."