शेजारीणबाईंचा स्वाभिमानाचा वर्ग

आमच्या कोरियन शेजारीणबाईंइतकं सरळ टीप मारणारं आणि वाकडं बोलणारं माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या शॉमबर्ग गावात दुसरं नव्हतं. एका ड्राय क्लीनरच्या दुकानात मागच्या बाजूला बसून त्या अल्टरेशन करायच्या. त्यामुळे माणसाच्या तोंडाआधी त्यांची नजर त्याच्या पँटच्या मोहरीकडे जायची. माझ्या नवऱ्याला तर त्यांनी हॅलो म्हणायच्या आधी डावी बाही अर्धा इंच लांब असल्याचं सांगितलं. एका दिवाळीला मी साडी नेसून निघाले, तेव्हा पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसून त्यांनी माझा सुटलेला फॉल टाचून दिला आणि वर विचारलं, हा कुणा आंधळ्याने लावला? तो मीच लावला होता. मी दादरच्या शिंप्याचं नाव सांगून मोकळी झाले.

त्यांचे यजमान गोरे अमेरिकन, सैन्यातून निवृत्त झालेले. किमचीचा, म्हणजे बाईंच्या आंबवलेल्या कोबीचा, वास त्यांना सोसत नसे, म्हणून त्यांनी बायकोला गॅरेजमध्ये वेगळा फ्रिज घेऊन दिला होता आणि यालाच ते प्रेम म्हणत. असेलही. मूलबाळ नव्हतं. कोरियन लोकांत बाईला नावाने हाक मारायची पद्धत नाही, अमक्याची आई म्हणतात. मलाही मराठी मंडळात सगळे रोहनची आईच म्हणत, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण यांना मूल नाही, म्हणून कोरियन चर्चमध्ये त्या पंचवीस वर्षं नुसत्या ‘अमेरिकनाची बायको’. अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं म्हणजे कोरियातल्या अमेरिकन छावणीजवळच्या बारमध्ये कामाला असणार, हे सगळ्यांनी न विचारताच ठरवलेलं. रविवारी प्रार्थनेनंतर सगळं चर्च वरच्या हॉलमध्ये जेवे. अशा लग्नांतल्या सात बायकांचं टेबल मात्र बेसमेंटमध्ये, भांडी घासायच्या सिंकशेजारी.

२००५च्या सुमाराला पाळकांच्या बायकोच्या मनात आलं, या सातजणींचा स्वाभिमान वाढवावा. दर गुरुवारी वर्ग सुरू झाला. तोही बेसमेंटमध्येच. रोज आरशात बघून स्वतःचं नाव घ्यायचं आणि स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची, असा गृहपाठ. आमच्या बाई पहिल्याच दिवशी आरशाशी भांडल्या. तो म्हणाला केस रंगव, मी म्हटलं तू आधी स्वतःला पुसून घे, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. तरी त्यांनी एकही गुरुवार चुकवला नाही, कारण शेवटी प्रत्येकीला रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यांपुढे आपली कहाणी सांगायला मिळणार होती. त्यांना त्यात एकच वाक्य सांगायचं होतं. आपण बारमध्ये कधीच नव्हतो, छावणीच्या फाटकासमोर शिंप्याच्या दुकानात सैनिकांच्या गणवेशांवर नावाच्या पट्ट्या शिवत होतो, आणि नवरा तिथेच भेटला. तीन आठवडे त्यांनी माझ्या किचनमध्ये तालीम केली. कोरियन मला ओ की ठो कळत नाही, पण त्या वाक्याला त्या टेबलावर हात आपटत, त्यामुळे ते कधी आलं हे मला कळायचं.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले. बाई नवा कोट घालून उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत वर्गातल्या बाकीच्या सहाजणी बसल्या होत्या. बाई बोलल्या, टाळ्या पडल्या, आणि हात काही आपटला गेला नाही. पाळकीणबाईंनी त्यांना मिठी मारली, किती आत्मविश्वास आला म्हणून कौतुक केलं आणि खाली भांड्यांशी आज माणूस कमी आहे हेही सांगितलं. बाई एप्रन बांधून खाली गेल्या. माझा असा संताप झाला, की मी जेवलेच नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, “ते वाक्य का नाही म्हणालात?”

“त्या सहाजणी समोर बसल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “त्यातल्या तिघी खरंच बारमध्ये होत्या. मी त्यातली नाही असं म्हटलं, तर त्यांनी कुठे बघायचं?”

“आणि तुमचं काय?”

“माझं मला माहीत आहे. आता तुलाही.”

पुढच्या वर्षी नवऱ्याचा प्रोजेक्ट बदलला आणि आम्ही दूर दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला आलो. फोन कमी होत गेले. त्या चर्चमध्ये अजूनही त्यांच्याबद्दल तेच समजत असतील. कुणीतरी जाऊन सांगायला हवं, असं मला कितीदा वाटलं, पण त्यांनी जे सांगितलं नाही ते मी कसं सांगू? आज लिहिलं, ते मराठीत. त्या सहाजणींना हे वाचता येणार नाही, म्हणूनच.