नवमीला चालवलेलं इंजिन

देवासच्या एका कापूसगिरणीत आमचे हे इंजिन चालवायचे. स्टेशनात आलेले मालाचे डबे गिरणीच्या गोदामापर्यंत ओढून आणायचे, भरलेले परत न्यायचे, एवढंच काम. वाफेचं इंजिन होतं तोवर त्याला दोन माणसं लागत. एक हे आणि दुसरा कोळसा टाकणारा फायरमन, आमच्याच आळीतला, मला वहिनी म्हणणारा.

मग डिझेलचं आलं. नवं म्हणायचं, पण सांगाडा जुना, कुठल्याशा यार्डातून काढलेला. आत दुसरं यंत्र बसवून वर हिरवा रंग फासला होता. त्याला एकच माणूस पुरे. तरी ह्यांनी फायरमनला शेजारी बसवून सगळं शिकवलं. वाटलं, दुसऱ्या पाळीला त्याला ठेवतील. ठेवलं नाही, काढलं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यार चालवत नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं ते धुऊन पुजायचं आणि दिवसभर स्वस्थ ठेवायचं. वाफेच्या इंजिनाची आग हे आदल्या संध्याकाळीच उतरवत आणि बॉयलर धुवायला काढत. थंड इंजिन कोण मागणार? आपण सुट्टी देतो आहोत हे गिरणीला कधी कळलंसुद्धा नाही.

त्या वर्षी मी नेहमीसारखी तयारी केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, पुरणाचा नैवेद्य, काही विसरले नव्हते. ह्यांनी हार घालून नारळ फोडला, तोच मुनीमजी आले. स्टेशनात डबे येऊन पडले होते.

"आज नाही, मुनीमजी. उद्या पहाटे आणतो."

"अरे भिया, बटन ही तो दबाना है! कौन सी भट्टी जलानी है?"

"आज हात लावणार नाही."

"तो जो लगाएगा, वो ही चलाएगा."

मी नैवेद्याचं ताट आवरत होते तेवढ्यात फायरमन आला. कुणाकडे पाहिलं नाही. हार काढून बाजूच्या खांबाला अडकवला, इंजिनाच्या पाया पडला आणि बटण दाबलं. पहिल्या फटक्यात सुरू झालं. शिकवणारा चांगला होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी तो सोनं द्यायला दारात. आपट्याची पानं ह्यांच्या हातात ठेवून वाकला.

"दादा, तुम्ही चालवलं असतं तर मला बोलावलंच नसतं."

"तुला काढलं तेव्हा मी चालवतच होतो," हे म्हणाले.

मी चहा दिला. सणाला दारी आलेल्याला तसंच पाठवत नाहीत. साखरभात मात्र आत झाकलेलाच राहू दिला.

दिवाळीच्या आत मी सामान बांधलं आणि आम्ही धारला, माझ्या माहेरच्या गावी आलो. तिथे रेल्वेच नाही. ह्यांना एका पिठाच्या गिरणीत इंजिनावर काम मिळालं. तिचा पट्टा नवमीलाही फिरायचा. ह्यांनी कधी सुट्टी मागितली नाही.