एका घराचं एक मत

यंदाच्या स्मरणिकेसाठी सगळ्या ज्येष्ठांनी आपापला परिचय द्यायचा, असं मंडळानं कळवलंय. बाकीच्यांचे आलेले परिचय मी केयाकडून वाचून घेतले. कुणी दोन पदव्या घेतल्या, कुणी पूल बांधले, एकानं कसलं तरी पेटंट काढलं. माझं काय सांगू? शाळेचं तोंड बघितलं नाही. सही शिकले ती पासपोर्टासाठी, आणि तीसुद्धा दर वेळी वेगळी येते. बँकेतली मुलगी एकदा म्हणाली, आजी, या तीन सह्या तीन बायकांच्या दिसतात. म्हटलं, बाई गं, तिन्ही मीच, फक्त दिवस वेगळे.

तेव्हा परिचय म्हणून एवढंच लिहा, की द्वारकाबाईंनी एकदा हात वर केला आणि स्वतःच्या सुनेची शाळा बंद पाडली. तेवढंच माझं सार्वजनिक कार्य.

केया म्हणजे माझी नात, आठवीत आहे. मी बोलते, ती लिहिते. मधूनमधून "आजी, स्लो" म्हणते. हे लिहू नकोस गं. लिहिलंस? बरं, राहू दे.

आता नवीन मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. हे मंडळ सुरू झालं आमच्या स्वयंपाकघरात. आमचे हे, हेमचंद्र, इंजिनियर होते. आमचं लग्न लहानपणीच ठरलेलं, म्हणून शिकलेल्या माणसाच्या गळ्यात मी पडले. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला एबीसीडी शिकवायला बसले की चौथ्या दिवशी त्यांचं डोकं दुखायचं. तर या अमेरिकेच्या घटनेचं त्यांना फार वेड. सगळी माणसं समान, सत्ता लोकांची, हे असं बोलायला लागले की चहा गार व्हायचा, मग मी तो परत गरम करायचा. मंडळाची घटना त्यांनी आमच्याच टेबलावर टाइप केली. भोवती आठ-दहा पुरुष बसलेले, मी गॅसपाशी चिवडा परतत होते. सगळे सभासद समान, असं पहिलं कलम. दुसरं कलम, एका कुटुंबाचं एक मत, आणि ते कुटुंबप्रमुखानं द्यायचं. समान म्हटल्यावर लगेच प्रमुख कुठून आला, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझं लक्ष शेंगदाण्यांवर, ते जळायला आले होते.

मी तिथूनच विचारलं, "आणि प्रमुख मेला तर?"

सगळे हसले. हे म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि टाइप केलं, की सभासद वारला तर सभासदत्व आणि मत त्याच्या बायकोकडे जाईल. लोकांना वाटलं बाईनं काय मुद्दा काढला. मुद्दा कसला, तेव्हा सभासदाला दिवाळीच्या फराळाचा डबा मिळायचा. हे गेले तर डबा बंद होईल की काय, एवढीच माझी काळजी.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. डबा केव्हाच बंद झाला होता, मत मात्र माझ्याकडे आलं. मी मुलाकडे राहते, इथे जर्सी सिटीतच. मुलगा श्रीरंग, सून चारुता, ही केया. म्हणजे आमच्या घरात मतं दोन झाली, एक श्रीरंगचं, एक माझं. चारुता एम.ए. झालेली, सहा वर्षं दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये बावीस मुलांची मराठी शाळा चालवते, तिला मत नाही. मी अंगठाछाप, मला आहे. कारण काय, तर माझा नवरा मेलाय आणि तिचा समोर बसून क्रिकेट बघतोय.

माझं मतदान कसं, तर आरतीला चार लोक उभे राहिले की आपण उभं राहतो तसं. श्रीरंगचा हात वर गेला की माझा वर, त्याचा खाली आला की माझा खाली. मध्ये एकदा त्यानं केस सारखे करायला हात उचलला, तर मीही उचलला होता.

तर मार्चच्या सभेत विषय होता रविवार सकाळच्या हॉलचा. चर्चचं तळघर ते, आपल्याला दहा ते बाराच मिळतं. ढोलपथकाला सरावाला जागा हवी होती. श्रीरंग पथकात आहे, ढोल कमरेला बांधला की त्याला घरातलं कुणी ओळखू येत नाही. अध्यक्ष सुमंत उभा राहिला, काहीतरी बोलला. मी तेव्हा चहाचं भांडं कोणाकडे आहे ते बघत होते. श्रीरंगचा हात वर गेला. माझाही गेला.

सोळा विरुद्ध पंधरा. हॉल ढोलाला, शाळा बंद.

टाळ्या झाल्या, मीपण वाजवल्या. मग चारुताचं तोंड बघितलं.

 गाडीत मीच म्हटलं, "अगं, मला काय ठाऊक शाळेचं आहे म्हणून."

"नाही आई, तुमचं काही नाही," चारुता म्हणाली. "तुमच्या हाताला दोरी बांधलीये, दुसरं टोक श्रीकडे आहे. मी दोरीवर कशाला रागवू?"

श्रीरंग म्हणाला, "चारू, शाळा झूमवर घे ना. मुलांना सोपं पडेल."

"ढोल घ्या झूमवर," ती म्हणाली.

त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी इतकी गोड वागली की मला घास उतरेना. आई, चहा ठेवलाय. आई, गोळी घेतलीत का. भांडली असती तर बरं झालं असतं. रविवारी दहा वाजले की खडूंचा डबा काढायची, बघायची, परत ठेवायची.

आणि ही केया, जी मराठी लिहायला त्याच शाळेत शिकली, ती मला म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट हाऊ व्होटिंग वर्क्स."

तिचा तेव्हा शाळेत प्रोजेक्ट चालू होता, हा देश नवा होता तेव्हाच्या बायकांवर. तिनं मला सांगितलं ते ऐकून मी पोळी तव्यावर विसरले. म्हणाली, अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या या न्यू जर्सीत बायका मत द्यायच्या. बाकी कुठे नाही, इथेच. पन्नास पौंडांची मालमत्ता पाहिजे, एवढी अट. पण लग्न झालेल्या बाईचं सगळं नवऱ्याचं, तिच्या नावावर काय असणार? म्हणून मत कुणाचं, तर बिनलग्नाच्या मुलींचं आणि विधवांचं.

"म्हणजे आपलं मंडळच की," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली. यू आर अ जर्सी विडो, आजी."

"आणि बाकीच्या बायकांनी काय करायचं?"

"त्यांनी मुलं वाढवायची. चांगले नागरिक घडवून देशाला द्यायचे. तेच त्यांचं पॉलिटिक्स, असं म्हणायचे तेव्हा."

"मग पुढे?"

"एकतीस वर्षांनी काढून घेतलं. म्हणे निवडणुकीत लबाडी होते, पुरुष झगे घालून परत येतात आणि दोनदा मत देतात. म्हणून लबाडी थांबवायला बायकांचं मत बंद. काळ्या लोकांचंपण."

मी म्हटलं, झगा घातला पुरुषानं आणि मत गेलं बाईचं? केया म्हणाली, ते प्रोजेक्टात लिहायचंय मला, थांब.

त्याच आठवड्यात सुमंतचा ई-मेल आला. केयानं वाचून दाखवला. पुढच्या सभेत घटनेत दुरुस्ती करायची, एका घराला एकच मत. तक्रारी आल्या होत्या म्हणे, की श्रीरंगच्या घरातून दोन हात वर गेले. तक्रार करणारे कोण? शाळेचेच पालक. आणि खरं होतं त्यांचं. माझ्यासारख्या मुलाकडे राहणाऱ्या पाच बायका मंडळात, पाचही जणींचे हात मुलाच्या हातामागे. आमची मतं जाणार, आणि ज्यांची बाजू मी बुडवली तेच घालवणार.

खरं सांगते, मला मताचं काही नव्हतं. तीन वर्षांत एकदाही मी ते डोकं ठेवून वापरलं नव्हतं. पण जाणार म्हटल्यावर वाटलं, अरे, एकदा तरी वापरायला हवं होतं. तो खडूंचा डबा माझ्यामुळे बंद झालाय.

केयाला म्हटलं, आजोबांची घटना काढ, बघ त्यात चूक दुरुस्त करायला काही लिहिलंय का. तिनं फोनवर दोन तास वाचली. मग ओरडलीच, "आजी, फेरविचार." झालेलं मत पुढच्या सभेत परत घेता येतं. पण ते मागायचं कुणी, तर ज्यानं जिंकलेल्या बाजूनं मत दिलंय त्यानंच. हरलेल्यांनी मागायचं नाही.

चारुता दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्यातलं कुणीच मागू शकत नाही."

"मी मागू शकते," मी म्हटलं. "मी जिंकले होते ना."

सहा वर्षं तिनं शाळा चालवली ते कलमात बसेना, आणि माझा मूर्खपणा बरोबर बसला.

सभेच्या दिवशी मी श्रीरंगला म्हटलं, मी आज पलीकडच्या रांगेत बसणार. तो म्हणाला, का? म्हटलं, दोरी पुरू नये म्हणून. सुमंतनं दुरुस्तीचा विषय काढायच्या आधी मी उभी राहिले. गुडघा वाजला तो सगळ्या हॉलनं ऐकला.

"मला मार्चचा ठराव परत घ्यायचाय," मी म्हटलं.

सुमंत हसला. "काकू, बसा तुम्ही, त्रास कशाला घेताय. या गोष्टी आम्ही बघतो. तुमच्या पिढीनं संस्कार दिले, तेच मोठं काम."

"संस्कार कुठे देऊ? हॉल तू ढोलाला दिलास."

"मी नाही काकू, तुम्ही दिलात. सोळावं मत तुमचंच होतं."

"म्हणून तर मी मागतेय. कलम वाच."

केयानं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं. हा सुमंत एकटा आला होता या देशात, तेव्हा दोन महिने आमच्याकडे जेवायला होता, त्याला आमटी दुसऱ्यांदा पाहिजे असली की असाच वाटीत बघत बसायचा. म्हणाला, "आहे खरं असं."

मत परत घेतलं. शाळेच्या बाजूनं कोण, असं त्यानं विचारलं आणि मी हात वर केला. आता शूरपणा सांगायचा तर इथेच थांबायला हवं. पण हात वर गेला तशी माझी मान वळली, आपोआप, श्रीरंगकडे. बघायला, की त्याचा कुठे आहे. त्याचा खाली होता. माझाही खाली यायला लागला. मग मी डावा हात उजव्याला लावला आणि धरून ठेवला. सुमंतनं दोन हात मोजले होते, कुणीतरी ओरडलं, तेव्हा एक वजा केला.

सोळा विरुद्ध पंधरा. शाळा परत.

पाच मिनिटांनी दुरुस्ती आली, आणि ती सहज पास झाली. शाळेच्या पालकांनीसुद्धा हात वर केले. आमच्या पाच जणींतल्या दोघींनी केले, मुलांनी केले म्हणून. मी हसणार कुणाला? माझं मत गेलं. म्हणजे मी ते दोनदा वापरलं असं धरलं, तर एकदा चुकून आणि एकदा ती चूक पुसायला. हिशेब शून्य.

महिन्याभरानं नवीन फॉर्म आला. घरातल्या माणसांची नावं, आणि खाली एकच ओळ, मत कोण देणार. श्रीरंगनं सवयीनं स्वतःचं नाव लिहायला पेन उघडलं.

"थांब," मी म्हटलं. "प्रमुख हा शब्द आहे का त्यात?"

त्यानं बघितलं. "नाही. नुसतं मतदार आहे."

चारुता म्हणाली, "आई, तुमचं नाव घालू. तुमचं गेलंय ना."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. फॉर्मवर द्वारका असं छापून आलं असतं. पण मी म्हटलं, "माझा हात वर जातो तेव्हा आधी मान वळते. हिची वळत नाही. हिचं लिही."

श्रीरंग पेन धरून बसला. "आणि मी काय करू?"

"तू संस्कार कर," मी म्हटलं. "चांगले नागरिक घडव."

केया खुर्चीवरून पडायची राहिली. श्रीरंगला पहिल्यांदा राग आला, मग त्यानं चारुताकडे बघितलं, ती फॉर्मकडे बघत होती. त्यानं लिहिलं. स्पेलिंग बरोबर आहे का ते केयानं तपासलं.

ढोल आता दुपारी बागेत वाजतो, पाऊस असला की नाही वाजत. आणि रविवारी सकाळी शाळेच्या बावीस मुलांना पोहे श्रीरंग करतो. मीठ जास्त पडतं. मी सांगणार होते सभेत, पण बोलायचं तर मत लागतं, आणि ते सुनेकडे आहे. तिला विचारलं तर म्हणाली, आई, मुलं खातात की.