माझ्या नंबरची हजेरी

नीटच्या दुसऱ्या प्रयत्नातही मार्क कमी पडले, तेव्हा वर्ष वाया जायला नको म्हणून घरच्यांनी मला नाशिकमध्येच बी.एस्सी.ला घातलं. नाव कॉलेजात, जीव मेडिकलच्या क्लासमध्ये. वर्गातल्या बाकीच्या पोरी मला बिचाऱ्या वाटायच्या. त्यांतल्या दोघींना बारावीला माझ्याहून जास्त मार्क होते, पण माझा तोरा असा, की मी आपली चार दिवसांची पाहुणी.

प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी लागायची. माझी हजेरी माझी मैत्रीण लावायची. स्वतःच्या नंबरला ती बारीक आवाजात ‘येस मॅडम’ म्हणायची आणि माझ्या नंबरला मान खाली घालून जाड आवाजात. माझं जर्नलही तीच लिहायची. झुरळाच्या पचनसंस्थेची आकृती तर तिने स्वतःच्या वहीपेक्षा माझ्या वहीत सुबक काढली होती. मी तिला कधी साधा चहा पाजला नाही. ‘तू डॉक्टर हो म्हणजे झालं,’ म्हणायची. आणि मला ते रास्त वाटायचं! आज लिहितानाही कान तापतात.

एका सकाळी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी मला द्वारका चौकात पाहिलं. मी क्लासची बॅग घेऊन, कॉलेजच्या उलट दिशेला जाणाऱ्या रिक्षात चढत होते. तासाभराने त्यांनी वर्गात माझा नंबर पुकारला. जाड आवाजात ‘येस मॅडम’ आलं. त्यांनी पुन्हा पुकारला. पुन्हा आलं.

मॅडमनी मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन यायला सांगितलं. मलाही बोलावलं होतं. तिच्या वडिलांचा, काकांचा, पंचवटीच्या पलीकडे झेंडू-शेवंतीचा मळा. सकाळची फुलं विकून ते बाजारातून तसेच आले होते. केबिनच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. मॅडम ‘असू द्या’ म्हणाल्या, तरी काढल्या.

मॅडमनी मला सरळच विचारलं, “तू सांगितलं होतंस का हिला? खरं बोल. सांगितलं असशील, तर दोघी माफीपत्र द्या आणि परीक्षेपर्यंत रोज वर्गात बसा, मी विषय मिटवते. हिने स्वतःच्या मनाने केलं असेल, तर ही माझी फसवणूक आहे. मग हिला यंदा प्रॅक्टिकलला बसू देणार नाही.”

म्हणजे खरं बोलायची किंमत एवढीच होती, रोज कॉलेजला यायचं. पण रोज कॉलेज म्हणजे क्लास बुडणार, आणि नीट तीन महिन्यांवर आलेली. मी मनातल्या मनात टेस्ट मोजल्या.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “मला माहीतच नव्हतं. मी काल दवाखान्यात चालले होते.”

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या बेडकाच्या तक्त्याकडे पाहत राहिले. ती बोलेल, आता सगळं सांगेल, अशी मला भीती होती. पण बोलले ते तिचे वडील.

“मॅडम, त्या पोरीला यात नका वढू,” त्यांनी हात जोडले. “तिला डॉक्टर व्हायचंय, तिचं नुकसान नको. आमचीच लय चुकी झाली. आमच्या पोरीला काय ती शिक्षा करा.”

त्यांना सगळं ठाऊक होतं. मुलीने घरी खरं सांगितल्याशिवाय ते असं बोललेच नसते. लाज वाटायला हवी होती, पण आधी मला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं, अगदी छान हलकं. त्या हलकेपणाचीच मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

मैत्रीण त्या वर्षी प्रॅक्टिकलला बसली नाही. तिचं वर्ष मागे पडलं.

केबिनमधून बाहेर पडल्यावर काका चपला घालताना मला म्हणाले, “बाळा, तू मनाला लावून घेऊ नको. तू आपला अभ्यास कर.”

“हो काका,” मी म्हणाले. तीन वाजता क्लासमध्ये टेस्ट होती. मी वेळेवर पोचले.