माठातलं पाणी

कमलमावशी नसती तर मी पदवीधर झालोच नसतो.

काल पुण्यात मुलीला बागेतल्या कारंज्यांवर नेलं. तापलेल्या फरशीवर पाणी पडल्याचा वास आला आणि मला विदर्भातलं माझं गाव, सुलतानपूर आठवलं. तिथे उन्हाळ्यात नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायचं. त्या दिवशी पाइपलाइनचा व्हॉल्व्ह गळायचा आणि त्याच्या फवाऱ्याखाली मावशी आम्हा पोरांना न्हाऊ घालायची.

एकदा मला वसतिगृहाच्या मुलाखतीला जायचं होतं. मावशीने डोक्याला साबण चोळला आणि फवारा थांबला. पाणी सोडणाऱ्या नारायणने व्हॉल्व्ह बंद केला होता.

"थांब ना बे, लेकराचं डोकं राह्यलं!" मावशी ओरडली.

"टाकीच रिकामी झाली, मावशी. मी काय करू?"

डोळे चुरचुरत होते. मी रडत म्हणालो, "मले नाही जायचं."

"काऊन? फेस पाहून मास्तर दाढी करतीन तुही!"

घरी नेऊन तिने पिण्याच्या पाण्याचा माठ माझ्या डोक्यावर रिकामा केला. गारव्याने मी खिदळलो. त्या दिवशी भांडी भरायच्या आतच पाणी गेलं होतं, हे ध्यानातही आलं नाही.

"बाबा, या ना!" काल मुलगी कारंज्यातून बोलावत होती. पाणी वाहतच होतं.

घरी येऊन पत्र लिहिलं:

"कमलमावशी, सप्रेम नमस्कार. नात मजेत आहे. माठ माझ्या डोक्यावर ओतल्यावर त्या दिवशी तू काय प्यालीस? मी कधी विचारलंच नाही. तुझा, बाळू."